रोव्हर्स चषक अंधेरीत का नको?

18 सप्टेंबर 2022 चा रविवार. घाटकोपरच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत पाण्याच्या पिंपाला बाबांचा मोबाईल टेकवून आम्ही सहाजण ड्युरँड चषकाचा अंतिम सामना पाहत होतो. सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर. एका बाजूला बंगळूरू, दुसऱ्या बाजूला आपली मुंबई सिटी. अकराव्या मिनिटाला शिवशक्तीने गोल करून बंगळूरूला पुढे नेले आणि आमची तोंडे उतरली. तिसाव्या मिनिटाला अपुइयाने बरोबरी साधली तेव्हा आम्ही असे काही ओरडलो की शेजारच्या काकू लाटणे हातात घेऊनच बाहेर आल्या.

"भारत जिंकला का रे?"

"नाही काकू, मुंबईचा गोल झाला."

"मुंबईचा? मग मॅच कुठे आहे, वानखेडेला?"

आम्ही हसलो. पुढे एकसष्टाव्या मिनिटाला अ‍ॅलन कोस्टाने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला, बंगळूरूने सामना 2-1 असा जिंकला, आणि बाबांनी मोबाईल मागून घेतला. काकूंचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मुंबईचा संघ देशातल्या सर्वांत जुन्या चषकाच्या अंतिम फेरीत गेला आणि मुंबईकराने त्याचा एकही सामना प्रत्यक्ष पाहिला नाही. त्या वर्षी स्पर्धा कोलकाता, गुवाहाटी आणि इंफाळ अशा तीन ठिकाणी झाली. ड्युरँड ही मुळात लष्कराची स्पर्धा, 1888 साली सिमल्यात सुरू झालेली. ती कुठे भरवायची हे त्यांनी ठरवावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आपल्या मुंबईविषयी आहे. मुंबईकडे स्वतःचा चषक होता. तो मुंबईने घालवला.

पण आधी त्या हंगामाविषयी चार ओळी लिहितो, कारण चषक स्पर्धेची गोडी मला त्यानेच लावली. वीस संघ होते: इंडियन सुपर लीगचे अकरा, आय-लीगचे पाच आणि सेनादलांचे चार. आधी गटांतले सामने, मग बाद फेरी. मुंबईच्या गटात कोलकात्याचे दोन्ही दिग्गज, मोहन बागान (तेव्हा त्यांच्या नावामागे एटीके ही अक्षरे होती) आणि ईस्ट बंगाल. जोडीला नौदल, आणि राजस्थान युनायटेड नावाचा आय-लीगचा एक नवखा संघ. या राजस्थान युनायटेडचे नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेले नव्हते. त्यांनी कोलकात्यात, मोहन बागानच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, मोहन बागानला 3-2 असे हरवले! गटाचे सामने संपले तेव्हा कोलकात्याचे दोन्ही संघ स्वतःच्याच गावात बाहेर पडले होते आणि मुंबईबरोबर राजस्थान पुढे गेले होते.

आपल्या संघाने नौदलाला 4-1 हरवले, मोहन बागानशी 1-1 बरोबरी केली, राजस्थानला 5-1 असे झोपवले आणि ईस्ट बंगालकडून 4-3 असा मार खाल्ला. हा शेवटचा सामना ऐन गणपतीत आला. मंडपात आरती चालू होती आणि आमच्यातला एकजण टाळ्या वाजवता वाजवता मधूनच खिशातला मोबाईल काढून पाहत होता. त्याला बसलेली टपली सबंध चाळीने पाहिली. विसर्जनानंतर उपांत्यपूर्व फेरी. चेन्नईयिनविरुद्ध जादा वेळेपर्यंत लढून 5-3, त्यात ग्रेग स्टुअर्टचे तीन गोल. उपांत्य सामन्यात मोहमेडन स्पोर्टिंगविरुद्ध गोलच होईना. अगदी शेवटी बिपिन सिंगने तो केला. स्पर्धेत सर्वाधिक, सात गोल करणारा छांगटेही आपलाच.

साखळी स्पर्धा म्हणजे वर्षभराच्या हजेरीपटासारखी. आज हरलात तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. बाद फेरीत तसे नाही. म्हणूनच तिथे लहानाला मोठ्याची भीती वाटत नाही; त्याने गमवायचे काय? इंग्लंडमधला एफए चषक 1871-72 पासून चालू आहे, त्यात आज सातशेहून अधिक संघ उतरतात. पोस्टमन, सुतार, शिक्षक असे दिवसा काम करून संध्याकाळी खेळणारे लोक पहिल्या फेऱ्यांत असतात. त्यातला एखादा संघ जिंकत जिंकत नामांकितांच्या दारात जाऊन उभा राहतो. मला चषकातले हे दार महत्त्वाचे वाटते.

मुंबईच्या चषकाचे नाव रोव्हर्स. 1891 साली सुरू झालेली ही स्पर्धा आरंभी गोऱ्या पलटणींची होती. 1923 साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि हरले. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकून पलटणींची मक्तेदारी मोडली. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने चषक नेला. देशातला प्रत्येक मोठा संघ कूपरेज मैदानावर यायचा आणि मुंबईचा माणूस तिकीट काढून त्याला पाहायचा.

केवळ पाहायचाच असे नाही. 1958 साली रोव्हर्स चषक जिंकला कॅल्टेक्सने. ही एक तेलाची कंपनी. 1965 साली जिंकला मफतलालने. ही तर कापड गिरण्यांची मंडळी. मेलबर्नच्या 1956 च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून खेळला. ज्याच्या पायात चेंडू होता त्याला नोकरी होती. माझे आजोबा लालबागला गिरणीत बदली कामगार होते. पहिली पाळी सुटली की ते आणि त्यांचे दोघे सोबती बसने कूपरेजला जात. मफतलाल जिंकले त्या वर्षीची गोष्ट ते अजून सांगतात. त्यात गोल कुणी केला हे दर वेळी बदलते. एक वाक्य मात्र बदलत नाही: "गिरणीवाल्यांनी कलकत्त्याला चषक जाऊ दिला नाही रे!" आजोबांची गिरणी वेगळी होती, मफतलालशी त्यांचा पैशाचा संबंध नव्हता. तरी त्यांच्या लेखी ते आपले लोक होते. ड्युरँडच्या अंतिम सामन्यात मी मुंबई सिटीसाठी ओरडलो ते मनापासून. पण आजोबा "आपले" म्हणतात तेव्हा त्या शब्दात जे असते, ते माझ्या ओरडण्यात होते का, याची मला शंका आहे.

मग ही स्पर्धा गेली कुठे? 1982 च्या संपानंतर गिरण्याच बसल्या, त्यांचे संघ कुठून राहणार! 1996 पासून राष्ट्रीय लीग आली आणि संघांच्या वेळापत्रकात जुन्या चषकांना जागा उरेना. 2000-01 च्या हंगामात मोहन बागानने रोव्हर्स जिंकला आणि त्यानंतर ती बंद पडली. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मुंबईचे संघही एकेक करून मिटले. राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन चषक जिंकणारा महिंद्र युनायटेड 2010 साली बंद झाला. मुंबई एफसीने 2017 साली गाशा गुंडाळला. मुंबईचाच राहुल भेके हा बचावपटू या मुंबई एफसीमधून खेळून पुढे गेला. 2019 च्या मार्चमध्ये अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना झाला, तेव्हा 117 व्या मिनिटाला त्याच्याच गोलाने बंगळूरूने गोव्याला हरवले. 2022 च्या हंगामात तो मुंबई सिटीकडे होता. भेके वर गेला त्या शिडीची पायरी आज जागेवर नाही. त्याच्यामागून येणाऱ्या मुलाने पाय कुठे ठेवावा?

या विषयावर बोलू लागलो की आमच्या वर्गात दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की मुंबईत फुटबॉल पाहतो कोण? वांद्रे, ओर्लेम, आय. सी. कॉलनी इथल्या चर्चच्या मैदानांवरचा तो खेळ, बाकी सगळी मुंबई क्रिकेटची. याचे उत्तर अंधेरीतच मिळाले आहे. 2018 च्या जूनमध्ये तिथल्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात चार देशांची स्पर्धा झाली. 1 जूनला भारताने चिनी तैपेईला 5-0 हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि प्रेक्षक होते 2,569. दुसऱ्या दिवशी छेत्रीने ध्वनिचित्रफितीतून लोकांना हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. 4 जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. धो धो पाऊस पडत होता आणि एकही तिकीट शिल्लक नव्हते. दोन सामन्यांत अंतर तीन दिवसांचे. तीन दिवसांत शहराची आवड बदलत नसते. लोक होतेच, त्यांना कुणी बोलावले नव्हते. (पुढे 2022 साली याच छेत्रीच्या संघाने आपल्याकडून ड्युरँड नेला, ही गोष्ट वेगळी. आणि तो चषक स्वीकारताना छायाचित्रात नीट यावे म्हणून एका मान्यवरांनी त्याला हाताने बाजूला सारले, ही तर आणखीच वेगळी.)

दुसरा आक्षेप पैशाचा आणि मैदानाचा. तो मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईत मैदान मिळणे किती अवघड आहे हे ज्याने आठवड्यातून दोनदा तीन क्रिकेट सामन्यांच्या मधल्या फटीत फुटबॉलचा सराव केला आहे त्याला सांगायला नको. आम्ही तसाच करतो. चेंडू कुणाच्या तरी स्लिपमध्ये जातो, शिव्या आम्ही खातो. पण स्पर्धा नव्याने सुरू करायची तर ती पहिल्याच वर्षी वीस बड्या संघांची हवी असा हट्ट कशाला? पावसाळा ओसरल्यावर मुलुंड, घाटकोपर, बोरिवली इथल्या मैदानांवर प्राथमिक फेऱ्या घ्या. जिल्हा लीगमधले क्लब, बँका आणि कार्यालयांचे संघ, महाविद्यालये, सर्वांना नावे देऊ द्या. त्यांतून जे चार उरतील त्यांना बाहेरून आलेल्या मोठ्या संघांसमोर अंधेरीत उभे करा. मोठ्यांनी पूर्ण ताकदीचा संघ पाठवला नाही तरी चालेल. राखीव खेळाडूंचा का होईना, मोहन बागान समोर असेल.

अंधेरीच का, असे विचाराल. कूपरेजला मान आहे, रोव्हर्सचा इतिहास तिथला आहे, हे मान्य. पण आता मुंबईची वस्ती उपनगरांत आहे, आणि मुंबई सिटीने 2016 पासून अंधेरी हेच घरचे मैदान केले. घाटकोपरहून मेट्रोत बसले की न उतरता आझाद नगर. तिथून मैदान चालत. बोरिवलीकरांना अंधेरीपर्यंत लोकल आहेच. मुलुंडकरांनी घाटकोपरला गाडी बदलावी. आजोबांना मी हा मार्ग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "कूपरेज नाही तर रोव्हर्स कसला?" मग थोड्या वेळाने, "ज्येष्ठांना तिकिटात सवलत असेल का रे?"

आमच्या जिमखान्याच्या प्रमुख सरांपुढे मी हे सगळे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "समजा स्पर्धा सुरू झाली, आपल्या संघाचे काय होईल?" मी खरे ते सांगितले. पहिल्या फेरीत एखादे बँकवाले आम्हांला सहा गोलांनी हरवतील. मी उजवीकडे बचावाला असतो, तेव्हा त्यांतले निदान तीन माझ्या बाजूने होतील. तरी अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो तेवढे कळले, तर अकरा नावे आणि प्रवेश फी घेऊन मी रांगेत उभा राहायला तयार आहे.