अरण्याच्या वेशीवरचा कुत्रा

सुट्ट्या लागल्या की ताडोबा, पेंच किंवा बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथे पर्यटकांची रीघ लागते आणि एक जुनी तक्रार नव्याने ऐकू येते. घरचे कुत्रे बरोबर आणणाऱ्या कुटुंबाला प्रवेशद्वारावरच अडवले जाते. कुत्रे साखळीला बांधलेले आहे, त्याला लसी टोचल्या आहेत, ते कोणाच्या अंगावर जात नाही. मग आडकाठी कशासाठी, असा मालकाचा सवाल असतो. अमेरिकेत कुत्र्यांना प्रवेश मिळतो, हा दाखलाही दिला जातो.

हा दाखला अर्धवट आहे. यलोस्टोनमध्ये कुत्र्याला मज्जाव नाही हे खरे. परंतु रस्ता, वाहनतळ व तंबूंच्या जागा यांपासून शंभर फुटांपलीकडे ते नेता येत नाही, सहा फुटांहून लांब दोरी चालत नाही आणि पायवाटांवर तर पूर्ण बंदी आहे. म्हणजे प्रवेश उद्यानात आहे, अरण्यात नाही.

साखळीने प्रश्न सुटतो, हाही भ्रम आहे. पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट या संशोधकांनी सिडनीजवळच्या रानांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बांधलेली कुत्री जेथून फिरवली, तेथे पक्ष्यांची विविधता ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. कुत्रे गरीब आहे की नाही, हे पाहायला पक्षी थांबत नाही. त्याच्या लेखी तो शिकारी प्राणीच असतो.

रोगाचे भय त्याहून मोठे. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीत ‘डिस्टेंपर’च्या साथीने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील जवळजवळ एकतृतीयांश, दगावले. भोवतालच्या वस्त्यांतील कुत्र्यांकडे संशयाचे बोट गेले आणि तेथील कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांपैकी काहींच्या शरीरात हाच विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दाखवून दिले.

तेव्हा बंदी योग्यच आहे. परंतु ती घालणाऱ्या शासनाची जबाबदारी दारावर संपत नाही. ज्याला अडवले जाते ते कुत्रे बहुधा लस टोचलेले असते. ज्यांना कोणतीही लस ठाऊक नाही, अशी गावकुसाची कुत्री मात्र दिवसरात्र जंगलात ये-जा करीत असतात. निवासगृहांबाहेरच्या खरकट्यावर त्यांची संख्या वाढते, त्यांच्या मागावर बिबळ्या वस्तीत येतो आणि मग गावकरी व वनखाते यांच्यात संघर्ष पेटतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित क्षेत्राच्या पाच किलोमीटरच्या परिसरातील पाळीव जनावरांना लस टोचण्याची तरतूद आहे. पण त्या जनावरांच्या व्याख्येत गाई-म्हशींपासून बदकांपर्यंत नावे असताना कुत्र्याचे नाव नाही. ही उणीव दूर करून नियमित लसीकरण, निर्बीजीकरण आणि कचऱ्याची विल्हेवाट ही कामे प्रामाणिकपणे केली, तरच दारावरच्या बंदीला अर्थ राहील.

मालकांच्या तक्रारीतला रास्त भागही नाकारता येत नाही. बंदीची माहिती अनेकांना दारावरच कळते. मग कुत्रे उन्हात बंद मोटारीत कोंडले जाते आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवावर बेतू शकते. प्रवेशपत्रिका देतानाच ही सूचना ठळकपणे द्यावी आणि दाराशी माफक शुल्कात सावलीची, पाण्याची सोय करावी. याला फार मोठा खर्च येणार नाही.

राहिला प्रश्न आपला. अरण्य ही सहलीची बाग नव्हे. तेथे आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळायची असते. आपल्या कुत्र्यावर ज्याचे खरे प्रेम आहे, त्याला मुक्या जिवांच्या भयाची जाणीव इतरांहून लवकर व्हावी. त्याने एक दिवस कुत्र्याला घरी ठेवण्यात त्या प्रेमाला कमीपणा येत नाही.