'झेन'च्या धुक्यात हरवलेला पंडित

किंग हू यांच्या 'अ टच ऑफ झेन'विषयी जे लिहिले जाते, त्यातील बरेचसे त्या चित्रपटाविषयी नसून त्याच्या इंग्रजी नावाविषयी असते. मूळ चिनी शीर्षक 'श्या न्यू' एवढेच आहे; अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी स्त्री, हा त्याचा अर्थ. त्यात झेन कुठेही नाही. संस्कृतातील 'ध्यान' चीनमध्ये 'छान' झाले, जपानमध्ये 'झेन'. आणि तो जपानी उच्चार एका अस्सल चिनी कलाकृतीच्या माथ्यावर येऊन बसला. पूर्वेकडून ज्यांना केवळ गूढता हवी असते, त्यांची सोय शीर्षकातच झाली.

साहित्याच्या अभ्यासकाने तरी या सोयीला भुलू नये. चित्रपटाचा उगम पू सोंगलिंग (१६४०–१७१५) यांच्या एका छोट्या कथेत आहे. कथेतील गू हा चित्रे व अक्षरे विकून आईला पोसणारा गरीब पंडित. शेजारची तरुणी त्याला मूल देते, सूड मात्र एकटीच घेते. गूला ते नंतर कळते. कथेत मनुष्यरूप घेतलेला कोल्हाही आहे, आणि तो खराखुरा आहे.

किंग हू यांनी येथे दोन निर्णायक बदल केले. पहिला, भूत खोटे ठरवले. दुसरा, गूला हत्येत भागीदार केले. मिंग राजवटीतील खोजांच्या गुप्त पोलिसांपासून यांग ह्वीचेन लपून राहते आहे. गूला तलवार धरता येत नाही, पण त्याने युद्धशास्त्राचे ग्रंथ वाचले आहेत. तो ओसाड गढीत भुते असल्याची अफवा पसरवतो, सापळे रचतो आणि शत्रूला रात्री तेथे ओढून आणतो. पुस्तकी विद्या प्रथमच कामाला येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गढीतून एकटाच फिरतो. आपलीच बुजगावणी आणि यंत्रे पाहून पोट धरून हसतो. मग प्रेते दिसू लागतात. एक, दोन, ओळीने. हसणे घशातच विरते. माझ्या मते चित्रपटाचा गाभा येथे आहे. बुद्धिमंताला स्वतःच्या युक्तीचा झालेला आनंद आणि त्या युक्तीची किंमत ही दोन्ही एकाच माणसाच्या चेहऱ्यावर, काही क्षणांच्या अंतराने उमटतात. शिह चुन यांचा हा अभिनय बांबूबनातील झुंजीपेक्षा रतिभरही कमी नाही.

यावर आक्षेप येईल की, चित्रपटाचा शेवट तर उघडच बौद्ध आहे: जखमी महंताच्या देहातून सोनेरी रक्त वाहते, मागे सूर्य तेजोवलयासारखा उभा राहतो. हे नाकारण्याचे कारण नाही. पण भिक्षू त्या सकाळीही येतात, आणि ते मृतांची व्यवस्था लावायला येतात. करुणेची गरज कशामुळे निर्माण झाली, हे आधी दाखवले गेले आहे. ती सकाळ वगळली तर शेवट केवळ प्रकाशाचा खेळ उरतो.

१९७०–७१ मध्ये तैवानात दोन भागांत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला १९७५ साली कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, तोही तांत्रिक कामगिरीसाठी. तो अयोग्य होता असे नव्हे. पेकिंग ऑपेरातून आलेल्या हान यिंग-च्ये यांची झुंजरचना आणि किंग हू यांचे अतिजलद संकलन असामान्यच आहे. पुढे आंग ली (२०००) आणि झांग यिमौ (२००४) यांनी बांबूबन पुन्हा उभे केले. तंत्र उचलले गेले, गूढतेचे कौतुक झाले. पंडित मात्र गढीतच राहिला.

जवळजवळ पहिला तासभर या चित्रपटात एकही झुंज नाही. ज्यांना तो तास 'संथ' वाटतो, त्यांनी ध्यानात घ्यावे की तो तास गूचा आहे: परीक्षेला न बसणारा, आईची बोलणी खाणारा, लोकांची चित्रे रंगवून देणारा. ग्रंथांवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना झेनचा आडोसा अधिक सोयीचा आहे, कारण तो बाजूला सारला की गढीत हसणारा माणूस फार ओळखीचा वाटू लागतो.