रायवळाची नोंद कोण करणार?

लांज्याच्या आसपासच्या कलमांच्या बागा पाहून परका मनुष्य म्हणतो, ‘सृष्टीची ही केवढी कृपा!’ या कृपेत मनुष्याचाही हात आहे, हे मात्र आपण विसरतो. हापुसाची कोय रुजविली तर त्या झाडाचे फळ मूळ फळासारखेच निघेल, असा भरवसा नाही. म्हणून आपल्या वाडवडिलांनी कलमाची युक्ती पत्करली. आवडलेल्या झाडाची काडी पिढ्यान्‌पिढ्या नव्या रोपांवर बांधीत, हजारो झाडांच्या रूपाने आपण बव्हंशी एकच झाड जगवीत आलो आहोत.

डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभ पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पती यांपासून केला, तो उगाच नव्हे. मनुष्य निवड करतो आणि त्या निवडीने जीवजातीचे पुढील रूप ठरते. परंतु निवडीस विविधता हवी. हापुसात साका होतो, हे बागायतदार जाणतातच. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून निर्माण झालेला आणि १९८१ साली प्रसारित झालेला ‘रत्ना’ आंबा या दोषापासून मुक्त आहे. नीलम कोणी राखलाच नसता, तर रत्ना कोठून येता?

हाच न्याय परसातील रायवळास लावावा, असे आमचे मत आहे. हापुसाने अनेक घरांचा संसार चालविला, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते कलम उभे राहते रायवळाच्याच मुळावर! कोयीपासून वाढलेल्या प्रत्येक रायवळाची चव निराळी, गंध निराळा. तरीही त्यावर कुऱ्हाड चालविताना आपण क्षणभर थांबत नाही.

दुर्गाबाई भागवतांनी १९५६ सालच्या ‘ऋतुचक्रा’त बारा महिन्यांची सृष्टी शब्दबद्ध केली. आमच्या विद्यार्थ्यांनी निदान एका झाडाचे तरी टिपण ठेवावे: ते कोठे उभे आहे, मोहोर केव्हा येतो, फळ कसे लागते, घरची माणसे त्यास काय नाव देतात. पालकांस विनंती एवढीच की, झाड तोडणे अटळच असेल, तर आधी त्याची काडी घेऊन कलम बांधावे. नुसती कोय पेरून तेच झाड पुन्हा मिळत नसते. ज्या कलेने आपण एका आंब्यास मोठे केले, तिनेच इतरांस वाचविणे हे आपले कर्तव्य होय.