हातोद ते दुबई किती तास?

हातोदच्या एका घरी पहाटे वडील वारले. थोरला मुलगा दुबईस नोकरीला. आम्ही सांत्वनास गेलो, तेव्हा ओसरीवर दफनाच्या वेळेचा विचार चालला होता. "फादर, विमान तर तीन तासांचे. चारची वेळ ठेवू या," चुलते म्हणाले.

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. इंदूर ते दुबई हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे २,१०० किलोमीटर. ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग धरला व चढण्या-उतरण्याचा वेळ मिळविला, तर तीन तासांचाच हिशेब येतो. शिवाय इंदूरचा विमानतळ हातोदकरांना खुद्द शहराहूनही जवळ. १५ जुलै २०१९ रोजी तेथून दुबईस पहिले थेट विमान गेले, तेव्हा आता दुबई म्हणजे भोपाळइतकीच लांब, असे पुष्कळांना वाटू लागले होते.

परंतु ते विमान रोजचे नव्हते. प्रारंभी आठवड्यातून तीनच दिवस जाई. पुढे कोरोनामुळे बंद पडले व सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. मरण काही विमानाचे वार पाहून येत नाही. त्या दिवशी थेट विमान नव्हतेच. आम्ही मुलाला फोन लावला आणि वहीच्या पानावर हिशेब मांडावयास बसलो.

मालकाची परवानगी व तिकीट मिळवून तो अकरा वाजता खोलीतून निघणार होता. हे अकरा दुबईचे. आपल्याकडे तेव्हा साडेबारा झालेले, कारण तेथील घड्याळ दीड तास मागे असते. मुंबईचे विमान दुबईच्या चार वाजता, म्हणजे ज्या वेळी आम्ही माती द्यावयाची त्या वेळी तो विमानात चढलेलासुद्धा नसता! मुंबईस तो रात्री साडेआठला उतरणार. पुढे पारपत्राची तपासणी, सामान, आणि इंदूरचे विमान पहाटे सहाचे. ते सव्वा तासाचे. हातोदचा उंबरठा सकाळी साडेआठच्या सुमारास. एकंदर वीस तास, त्यांपैकी हवेत जेमतेम सव्वाचार.

चुलत्यांनी तो कागद दोनदा वाचला व दफन दुसऱ्या दिवशी सकाळी दहास ठरले. बर्फ आणावयास माणूस इंदूरला धाडला. मुलगा पावणेनऊला आला. वडिलांचे मुख त्याला पाहता आले.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जाण्यास व येण्यास लागणारा वेळही सारखा नसतो. उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, हिवाळ्यात तर जोराने. म्हणून दुबईहून येणारे विमान लवकर पोहोचते आणि जाणाऱ्यास अधिक वेळ लागतो. त्यातच एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा कराचीच्या दक्षिणेकडील समुद्रावरून जाणारी ती सरळ रेषाही उपयोगाची उरली नाही. नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर असे वाकते.

पाचव्या दिवशी मुलगा परत निघाला, तो मात्र थेट विमानाने. मातोश्रींनी विचारले, "फादर, किती वाजता पोहोचेल?" चारला निघून तेथल्या पावणेसहाला, असे आम्ही सांगितले.

"म्हणजे दोन तासही नाहीत," त्या म्हणाल्या. दीड तासाचा तो फरक आम्ही त्यांना त्या दिवशी समजावून सांगितला नाही.