दौलतजाद्याचा हिशोब

डान्सबारची बाई कामगार आहे की नाही, एवढा एकच सवाल मला विचारायचाय. नीती, संस्कृती, बिघडलेली तरुण पोरं हे ज्यांना चघळायचंय त्यांनी २००५ पासून पोटभर चघळलंय. त्या साली सरकारनं बारमधला नाच बंद केला, पण तीन तारे आणि त्याच्या वरची हॉटेलं, जिमखाने यांना सूट ठेवली. म्हणजे गालिच्यावर नाचली की कला आणि लादीवर नाचली की घाण! २०१३ साली सुप्रीम कोर्टानंही हा भेदभाव मोडीत काढला.

आता पैशाचं बोलू. तमाशातला दौलतजादा आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलाय, काहींनी झेललाय. बारमध्ये तेच चालायचं. गिऱ्हाईक दहाच्या नोटांचं बंडल घेऊन उधळणार, पोऱ्या नोटा गोळा करणार, रात्री मालक आपला वाटा कापून उरलेले तिच्या हातावर ठेवणार. कुठं निम्मे, कुठं कमी-जास्त. पगार बहुतेकींना नाहीच. मालक म्हणणार, ती आमची नोकर नाय, स्वतंत्र कलाकार आहे. लय भारी! मग यायची वेळ कोण ठरवतं? कुठल्या गाण्याला कुणी उभं राहायचं ते कोण सांगतं? आणि नोकर नाही, तर तिच्या टीपमध्ये तुझा वाटा कसला? जागेचं भाडं म्हण, नाहीतर सरळ दलाली म्हण.

१७ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. नोटा उधळायच्या नाहीत, हातात टीप द्यायला हरकत नाही. लेखी करार करा, पैसे बँकेत भरा, ही अट राहिली. महिन्याचा पगारच द्या, ही अट गेली. चार ठिकाणी फिरून नाचणारीला ते सोयीचंही असेल. पण पगार गेला की उरली टीप. आणि टीप म्हणजे कायद्याच्या लेखी काय?

२००७ साली ठरलं, ईएसआयच्या हिशोबात टीप ही मजुरी नाही. २०१६ साली हॉटेल कामगारांच्या बाबतीत ठरलं, टीप हा मालकानं दिलेला पगार नाही, म्हणून मालकानं त्यातून कर कापायचा नाही. पण घेणाऱ्याच्या नावावर ते उत्पन्नच. मी मॅट्रिक माणूस, कोर्टाशी काय वाद घालणार. फक्त निव्वळ टीपवर जगणाऱ्या बाईला हे लावून बघा. कर मोजताना ती तिची कमाई. दवाखान्याचं कार्ड मागताना ती मजुरीच नाही.

कराला माझी ना नाही. तेवढी कमाई असेल तर भरावा. उलट कराचा कागद हातात असला तर खोली भाड्यानं घेताना, कर्ज मागताना दाखवायला होतो. पण सगळी टीप तिच्या नावावर आणि मालकानं कापलेला वाटा कुठल्याच वहीत नाही, हा हिशोब आम्ही मानणार नाही.

आपलेच काही दोस्त म्हणतात, नाचणं हा आपल्या बायांच्या गळ्यात बांधलेला जातीचा धंदा, तो मेलेलाच बरा. धंदा मोडा, मीही येतो. पण कोल्हाटी, बेडिया, नट यांच्या पोरींच्या हातचं काम आधी काढायचं आणि दुसरं द्यायचंच नाही, याला मोडणं म्हणत नाहीत, उपाशी मारणं म्हणतात.

बरं, मालक एक नाही म्हणून कामगार नाही, हे तर आम्हा गोदीवाल्यांना सांगूच नका. आज या बोटीवर, उद्या त्या. तरी १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, नाव नोंदलं, बोट नसली तरी हजेरीचे पैसे ठरले. १९६९ ला माथाडींचा झाला. गाळे पन्नास, पण मजुरी बोर्डात जमा, वर मालकाकडून लेव्ही, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला जे जमलं ते पायात घुंगरू बांधणारीला का नाही? नोंदणी बोर्डात करा, पोलीस चौकीत नको. मालकाची लेव्ही त्याच्या गल्ल्यातून घ्या. आणि लेखी करार करायचाच आहे ना, मग त्याच्या पहिल्या ओळीत लिहा, टीपच्या शंभर रुपयांतले तिचे किती.