घरातील विजेचा हिशोब



किराणा दुकानाची चिठ्ठी आपण दोनदा तपासतो. विजेचा हिशोब मात्र वायरमनवर सोडून देतो. वास्तविक हा हिशोब सातवीतल्या मुलालाही जमेल. त्याला एक गुणाकार आणि एक भागाकार लागतो. तो चुकला तर नुसते पैसे जात नाहीत, घराला आग लागू शकते.

प्रथम तीन शब्द समजून घेऊ. टाकी उंचावर असली की नळाच्या पाण्याला दाब येतो. तसा विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात तो २३० व्होल्ट धरतात. पाण्याच्या धारेप्रमाणे विजेचा प्रवाह असतो, तो अँपिअरमध्ये मोजतात. नळी अरुंद असेल तर पाणी अडते. विजेच्या वाटेतील अशा अडथळ्याला रोध म्हणतात, तो ओहममध्ये मोजतात.

या तिघांचा संबंध जर्मनीतील गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथात मांडला. ते एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराचे पुत्र. वडील स्वतःच्या बळावर शिकले आणि त्यांनीच मुलाला गणित शिकविले.

ओहम यांचा नियम असा : व्होल्टला अँपिअरने भागा, रोध मिळतो. आणि व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती मिळते, तीच वॅट.

आता पाणी तापवायचा रॉड घ्या. तो साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो असे समजा. २३० गुणिले ६.५ म्हणजे १४९५, अर्थात सुमारे दीड हजार वॅट. २३० भागिले ६.५ म्हणजे सुमारे ३५ ओहम रोध.

बहुतेक वस्तूंवर वॅट छापलेले असतात. त्यांना २३० ने भागले की अँपिअर निघतात. घरातील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, जुने तर ५ चेच. म्हणजे हा रॉड लहान सॉकेटला झेपत नाही, त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे. त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावली तर एकूण प्रवाह जवळजवळ ११ अँपिअर होतो. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच वायरीचे आवरण वितळते.

सैल पिनही तितकीच घातक. तिथे १ ओहम जरी रोध आला, तरी रॉड चालू असताना त्या एवढ्याशा जागी सुमारे ४० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीत डाख देण्याचे २५ वॅटचे हत्यार शिसे वितळवते, हे लक्षात घ्या. प्लग काळा पडला किंवा हाताला गरम लागला, तर तो वापरू नका. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालू नका. घर वाचावे म्हणूनच तो जळतो.

बिलाचेही गणित हेच. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास वापरला तर पाऊण युनिट, म्हणजे ३० दिवसांत साडेबावीस युनिट. ७५ वॅटचा पंखा दहा तास फिरून तेवढेच युनिट घेतो.

मुलांनो, आज एक काम करा. घरातील प्रत्येक वस्तूवरचे वॅट वहीत लिहा आणि २३० ने भागा. एका लहान बोर्डावरील बेरीज सहाच्या वर गेली, तर ते पान आई-वडिलांना दाखवा.