बाटलीत ज्वारी आमची, बोळा आमच्या कापसाचा. मग बियाणे कोणाचे?



अळिंबीचे नाव काढले की बैठकीत दोन तऱ्हेची माणसे बोलायला उठतात. एक म्हणतो, कुत्र्याच्या छत्र्या विकून कुठे कर्ज फिटते काय? दुसरा खिशातून रंगीत पत्रक काढतो. त्यात एका खोलीतून महिन्याला लाखाचे उत्पन्न छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरात, 'बियाणे आमच्याकडूनच घेणे बंधनकारक'. आम्हाला या दोघांशीही भांडायचे आहे. पहिल्याशी थोडे, दुसऱ्याशी पुष्कळ.

पहिल्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला, आणि त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते वर्षअखेरपर्यंत. एका हाताने भाव लिहायचा, दुसऱ्या हाताने पुसायचा. या पुसण्याची भरपाई कोणत्याही छत्रीने होणार नाही. कोंबड्या पाळा, मधमाश्या पाळा, अळिंबी लावा, असा उपदेश करणाऱ्या साहेबांचा खरा अर्थ एवढाच असतो की, मुख्य धंदा तोट्यात का, हे विचारू नका. तेव्हा आम्ही इथे जोडधंद्याची दवंडी पिटायला आलेलो नाही. आमचा मुद्दा बियाण्याचा आहे.

१९७० साली सुरतेहून एच-४ हे संकरित वाण आले. त्याआधी आपले वाडवडील घरची सरकी ठेवत आणि तीच पेरत. संकरित वाणाने उत्पन्न वाढवले, ते आपण नाकारत नाही. पण त्याबरोबर पिशवी आली, आणि ती दरवर्षी आली. २०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या बीटी पाकिटाची कमाल किंमत सरकारने ९०१ रुपये ठरवली. संकरित कपाशीची सरकी पुन्हा पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत, कोणी आईवर जाते, कोणी बापावर. म्हणजे त्या पिशवीमागे निदान निसर्गाचे एक कारण आहे. अळिंबीच्या पिशवीमागे तेवढेही कारण नाही. तिथे कारण एकच, आपले अज्ञान.

कारण अळिंबीचे बियाणे, ज्याला ते स्पॉन म्हणतात, ते आहे तरी काय? उकडलेली ज्वारी. हो, आपलीच ज्वारी. कुठे गहू वापरतात, पण ज्वारी सर्रास चालते. दाणा शिजवतात, बाटलीत किंवा पिशवीत भरतात, वाफेवर निर्जंतुक करतात आणि त्यावर बुरशीचे पांढरे धागे वाढवतात. तोंडाला बोळा असतो कापसाचा, आणि तोही दवाखान्यातला धुतलेला नव्हे. त्याला पाणी न शोषणारा कापूस लागतो, म्हणजे अंगचे नैसर्गिक मेण न काढलेला, जिनिंगमधून निघालेला सरळ रुईचा. ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव संकरितला ३,६९९ रुपये, म्हणजे किलोला सदतीस. तो तरी कोणाच्या पदरात पडतो, हा वेगळा प्रश्न. शिजून पाणी प्यालेल्या किलोभर स्पॉनमध्ये कोरडी ज्वारी जेमतेम सहाशे ग्रॅम बसते, म्हणजे बावीस रुपयांची. तेच स्पॉन शंभराच्या पुढेमागे विकत मिळते. मधले पैसे जळणाचे, मजुरीचे, खराब झालेल्या बाटल्यांचे. ते द्यायलाच हवेत. पण उरलेले पैसे एका गुपिताचे आहेत, आणि ते गुपित शंभर वर्षांपूर्वीच फुटलेले आहे.

ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८९४ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दोघा शास्त्रज्ञांनी बटन अळिंबीचे बीजाणू उगवून शुद्ध बियाणे तयार केले आणि कृती कुलूपबंद ठेवली. पुढे १९०२ साली अमेरिकेत मार्गारेट फर्ग्युसन या बाईंनी बीजाणू कसे रुजतात याचा अभ्यास छापून टाकला, सरकारी पत्रिकेत, कोणीही वाचावा असा. १९०५ साली डग्गर यांनी दाखवले की बीजाणूंचीही गरज नाही, ताज्या छत्रीच्या आतला तुकडा घेतला तरी बियाणे होते. धान्यावर बियाणे वाढवण्याचे पेटंट सिंडन यांनी १९३२ मध्ये घेतले, तेही केव्हाच संपले. जे ज्ञान सगळ्या जगाला मोकळे झाले, ते येवला-नांदगाव-मालेगावच्या कोरडवाहू पट्ट्यात अजून पिशवीत बांधूनच का यावे?

आता अळिंबी कोणती, ते सांगितले पाहिजे. बटन अळिंबी आपल्या कामाची नाही. तिला कंपोस्ट लागते, थंड खोली लागते, वीज लागते. ती विजेच्या बिलावर वाढते. आपली ती धिंगरी. धिंगरी मुळात लाकूड खाणारी बुरशी. १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, जर्मनीत फाल्क यांनी ती तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर लावली. आपल्याकडे १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत ती भाताच्या पेंढ्यावर घेतली. १९७४ साली जिची नोंद झाली ती करडी धिंगरी हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या चिकाच्या झाडावर सापडली होती. लाकडातला जो कडक भाग बहुतेक बुरश्यांना पचत नाही तो हिला पचतो. आणि पऱ्हाटी म्हणजे दुसरे काय? लाकूडच. एकरी टनभर निघते, बांधावर जळते. मुंबईच्या माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, तिने पऱ्हाट्यांवर धिंगरी घेऊन दाखवलेली आहे.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. कडब्यावरही धिंगरी येते, पण बैलाच्या तोंडचा कडबा काढून तिला घालू नका. मक्याने ज्वारीला आधीच मागे रेटले आहे, पेंढी महाग झाली आहे. धसकटे घ्या, पऱ्हाट्या घ्या, तुराट्या घ्या. पऱ्हाटीही ज्या शेतात शेवटपर्यंत विषारी फवारे मारले त्या शेतातली नको; आपण ते खाणार आहोत. आणि ती बांधावर महिनोन्महिने रचून ठेवू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते आठवा. ती पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांतच दडून राहते. बारीक तुकडे करून गरम पाण्यातून काढली म्हणजे अळीचाही निकाल लागतो.

"हे प्रयोगशाळेचे काम आहे, शेतकऱ्याला जमायचे नाही," असे सांगणारे भेटतील. त्यांना आम्ही विचारतो, तुमच्या घरी दही कोण लावते? विरजण कोणते चांगले, कोणते बिघडले, दूध किती कोमट हवे, भांडे का वाफवून घ्यायचे, हे ज्या मायबहिणींना शाळेत न जाता कळते, त्यांना स्पॉन कळायला अवघड नाही. स्पॉन म्हणजे विरजणच. फरक एवढाच की दही एका रात्रीत लागते, इथे दोनतीन आठवडे लागतात आणि स्वच्छता दसपट लागते.

बीजाणूंपासून सुरुवात करायची तर अशी. पूर्ण उमललेली धिंगरी घ्या, छत्रीच्या खालच्या पापुद्र्या कागदाकडे करून ती स्वच्छ काळ्या कागदावर रात्रभर वाटीखाली झाकून ठेवा. सकाळी कागदावर पांढुरक्या भुकटीची नक्षी उमटते, तेच बीजाणू. पाणी उकळून गार करा, त्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ घाला. मिठाने जिवाणू दबतात, गुळाने बीजाणू जागे होतात. भुकटी त्यात एक दिवस भिजवा. मग खोक्याचा खाकी पुठ्ठा उकळत्या पाण्यात भिजवून त्याचे पदर सोडवा, गार झाल्यावर ते पाणी पदरांवर शिंपडा आणि पुठ्ठा गुंडाळून झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा. वखारीतला लाकडाचा भुसाही चालतो, फक्त औषध मारलेल्या लाकडाचा नको. पुठ्ठाच का? तोही लाकडाचाच लगदा. त्यात साखर नाही, स्टार्च थोडा, म्हणून हिरव्या-काळ्या बुरशीला खायला कमी आणि धिंगरीला पोटभर. आठपंधरा दिवसांत पदरांवर पांढरे धागे पसरतील. चार डब्यांतले तीन बिघडतील. बिघडू द्या, पुठ्ठ्याला कोण पैसे मोजतो?

ज्याला अधिक नेटके काम करायचे त्याने दोनशे ग्रॅम बटाट्याचे उकडलेले पाणी, वीस ग्रॅम साखर आणि किराणा दुकानात मिळते ते वीस ग्रॅम चायना ग्रास घेऊन लिटरभर पाण्यात शिजवावे, लहान बाटल्यांत ओतून कुकरमध्ये वाफवावे आणि थिजल्यावर त्यावर बीजाणू टाकावेत. प्रयोगशाळेतही हेच करतात, फक्त नाव इंग्रजी असते.

पण बीजाणूंची एक खोड आहे. एकटा बीजाणू रुजला तरी त्याला छत्री येत नाही. दोन बीजाणूंचे धागे जुळावे लागतात, आणि त्यातही सगोत्र चालत नाही. धिंगरीच्या एका छत्रीच्या बीजाणूंत चार गोत्रे असतात. एकाच छत्रीच्या बीजाणूंत चार जोड्यांतली एकच जमते. म्हणून शेकडो बीजाणू एकत्र टाकायचे. शिवाय जे उगवेल ते मूळ छत्रीसारखेच असेल असे नाही. बीजाणूंतून नवे वाण निवडता येते, पण त्याला धीर लागतो. रोजच्या बियाण्याला आमच्या मते तुकड्याची रीत बरी. निफाड-दिंडोरीकडचे बागाईतदार द्राक्षाच्या बिया कुठे लावतात? ते काडी लावतात, डोळा भरतात. तसेच ताजी, निरोगी छत्री मधोमध फाडायची, आतला हवा न लागलेला गर दाण्याएवढा घ्यायचा आणि त्या चायना ग्रासवर ठेवायचा. जशी आई तशी लेक. छत्र्या तोडल्यावर उरलेले देठाचे बुडखे पुठ्ठ्याच्या पदरांत ठेवले तरी धागे धरतात.

तिथून ज्वारीकडे. दाणा शिजावा पण फुटू नये. फडक्यावर वरचे पाणी सुकू द्या, थोडी खडूची भुकटी आणि जिप्सम चोळा म्हणजे दाणे चिकटत नाहीत. बाटल्या दोनतृतीयांश भरा, बोळा घाला, दीडदोन तास दाबाखाली वाफवा. प्रयोगशाळेतले यंत्र पंधरा पौंड दाबावर चालते, घरचा कुकरही साधारण तेवढ्याच दाबाचा. पूर्ण गार झाल्यावर दिव्याच्या ज्योतीशेजारी, वारा नसलेल्या खोलीत पांढऱ्या धाग्याचा तुकडा आत टाका. हिरवी किंवा काळी छटा दिसली, आंबूस वास आला, तर ती बाटली न उघडता उकळा आणि लांब पुरा. एका चांगल्या बाटलीवरून वीसपंचवीस बाटल्या होतात. पण विरजणावरून विरजण लावत गेले की ते आंबट होते, तसे हे दोनतीन पिढ्यांत मंदावते. मग नवा तुकडा, नवी सुरुवात.

पऱ्हाट्यांचे तुकडे रात्रभर भिजवून तासभर ऐंशी अंशाच्या पाण्यात ठेवावेत, निथळून, शेकड्याला दोनतीन किलो बियाणे मिसळून पिशव्यांत भरावेत. कार्बेन्डाझिम-फॉर्मॅलिनच्या पाण्याची शिफारस छापील पत्रकांतून होते. आमचे मत गरम पाण्याच्या बाजूने आहे. गव्हाच्या काडावर कोरड्या किलोमागे अर्ध्या किलोच्या आसपास छत्र्या मिळतात, पऱ्हाटीवर त्याहून कमी धरा. पिशवी पांढरी झाली की उजेड, वारा आणि ओल हवी. आपल्याकडे हे पावसाळ्यापासून थंडी संपेपर्यंतच जमते. मालेगावच्या उन्हाळ्यात कोणी धिंगरी घ्यायला सांगू लागला तर त्याला आधी चैत्रात मुक्कामाला बोलवा. छत्र्या तोडताना तोंडाला फडके बांधा, हे बीजाणू छातीत जाऊन खोकला-ताप आणतात. आणि रानातली ओळख नसलेली छत्री घरी आणून तिचे बियाणे करू नका, विषारी जातींनी माणसे मेलेली आहेत.

राहिला दुसरा माणूस, पत्रकवाला. 'बियाणे आमचे घ्या, माल आम्ही उचलू' हे गाणे आपण इमूच्या वेळी ऐकले. २०१९ साली कडकनाथ कोंबडीच्या वेळी सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी ऐकले, आणि नंतर पोलीस ठाण्याबाहेर रांगा लावल्या. तोडलेली धिंगरी एकदोन दिवसांत मऊ पडते. उचलणारा आला नाही तर तुमच्या हातात काय उरते? वाळवली तर दहा किलोची किलोभर होते, तेवढी तजवीज आधीच करून ठेवा. ज्याच्या हाती बियाणे, त्याच्या हाती करार. ज्याला बियाणे घरी करता येते तो करार वाचून परत देऊ शकतो.

म्हणून मागण्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे, सोलनच्या अळिंबी संचालनालयात वाणांची पेढी आहे. दोन्ही आपल्या करावर चालतात. तिथले शुद्ध मूळ विरजण नाशिक आणि मालेगावच्या कृषी विज्ञान केंद्रांतून दर हंगामाला प्रत्येक तालुक्यात पोचले पाहिजे. प्रशिक्षण पिशवी भरण्यापुरते नको, बाटलीपासून हवे. आणि अनुदान द्यायचेच असेल तर तयार स्पॉनवर देऊ नका, ते विकणाऱ्याच्या खिशात जाते. गावोगावच्या महिला गटांना मोठा कुकर द्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने निदान दोन बाटल्या आणाव्यात, एक पांढरी झालेली आणि एक बिघडलेली. बिघडलेली बोळ्यासकट बंदच आणावी, आणि ती कोणत्या दिवशी, कुठल्या पाण्यात, किती वेळ वाफवली होती ते चिठ्ठीवर लिहून चिकटवावे.